जैतूनआपानं तौबा केली नव्हती

आपा,

तुला माती देऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत तुझ्याविषयी जेवढं गोड बोललं गेलं तेवढं तुझ्या सबंध हयातीत कुणी बोललं नसेल. परवा गुलमंडीवरच्या एका मासिकाचे संपादक आमच्या रंगाच्या भट्टीवर आले. त्यांच्या वडिलांची पागोटी आमच्याकडे रंगायची, म्हणून ओळख. म्हणाले, गनीमियाँ, तुम्हाला मराठी लिहिता येतं, जैतूनबी दाईंना तुम्ही पाचोडपासून ओळखता, तर दोन पानं लिहा. अर्ध्या शहराची नाळ त्यांनी कापली, हिंदूंची आणि मुसलमानांचीही. आपल्याकडचा सलोखा लोकांना कळला पाहिजे.

सलोखा हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापलं. तरी हो म्हणालो. त्यांना हवंय ते मी लिहिणार नाही, हे तेव्हाच ठरलं होतं.

तुला वाचता येत नव्हतं, आणि मराठी हीच तुझी खरी बोली. उर्दू तू मशिदीतल्या माणसांशी बोलायचीस, तेही चिडल्यावर. म्हणून हे मराठीत. तुला ऐकू जाईल असं मानून लिहितो.

आपला वाद अर्धाच राहिला. मी म्हणायचो, आपल्या मोहल्ल्यातली माणसं मुळात चांगली, कुणी बाहेरचा येऊन बिघडवतो. तू माझ्या ओट्यावर बसून सुपारी कातरत हसायचीस. म्हणायचीस, "चांगली नायत रं. अडलेली हायत. बाई अडली की तिला दाईची जात दिसत नाय, का नवऱ्याला तिचा धरम दिसत नाय. लेकरू रडलं, नाळ पुरली, की समद्यांना समदं दिसाया लागतं." मी म्हणायचो, तू कडू झालीस आपा. तू म्हणायचीस, "मग गोड तू सांग."

मी रंगरेज. लग्नसराईत हिंदूंची पागोटी आणि साड्या, मोहरमला हिरवी फडकी, एकाच भट्टीवर. मला वाटायचं हाच सलोखा. कढईत रंग बदलताना पाणी फेकून द्यावं लागतं, एवढंही माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुला ते आधीपासून ठाऊक होतं. कारण मला लोक दिवसाउजेडी, पुढच्या दाराने भेटायचे. तुला सगळ्यांनी मागच्या दाराने बोलावलं.

आता मूळ गोष्ट लिहितो. ती माहीत असलेली माणसं तीन होती. माझी बायको सकिना गेली, तू गेलीस, मी राहिलो.

सकिनाची आधीची तीन बाळं गेली होती. तिन्ही आठवड्याच्या आत. जबडा आवळायचा, दूध तुटायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी छोटंसं पांढरं कापड घेऊन कब्रस्तानात. तिन्ही वेळा दाई दुसरी होती, कारण तू तेव्हा पाचोडलाच होतीस. चौथ्या वेळी मी तुला बैलगाडीने आणलं, आणि पुढे तू इथेच राहिलीस. तू पहिल्यांदा चुलीवर पाणी ठेवायला लावलंस आणि तुझी नाळ कापायची पाती त्यात टाकलीस. आमच्या फुफूनं, म्हणजे आत्यानं, विचारलं की हे काय चाललंय, लोखंड शिजवतेस काय? तू म्हणालीस, "व्हय, कालवण करते." घरात किती महिन्यांनी कुणी हसलं होतं. नाळेवर राख लावू दिली नाहीस, शेणाची तर गोष्टच नको. इब्राहिम झाला.

पण सकिना झोपेना. पाचवा दिवस जवळ येत होता. शेजारच्या कोष्ट्याच्या बायकोनं, विठाबाईनं, तिला सांगितलं होतं की पाचवीला सटवाई येते, पूजली नाही तर लेकरू नेते. आपल्या दख्खनच्या मुसलमानांत ही भीती काही नवी नाही. आमच्या आजीनंही पाटा मांडला होता. फक्त त्याविषयी कुणी बोलायचं नाही, एवढाच शिरस्ता. सकिनानं तुझे पाय धरले. तू माझ्याकडे बघितलंस. मी काय म्हणालो ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, "कर आपा. जे करायचं ते कर. माझं हे लेकरू राहू दे."

पाचव्या दिवशी, फुफू आपल्या घरी गेल्यावर, दिवेलागणीला, तू बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडलास. हळदकुंकू विठाबाईकडूनच आणवलंस. नशीब लिहायला कोरा कागद आणि कलम ठेवतात, ती बोरूची कलम माझी होती. मी स्वतः आणून दिली. पूजा झाल्यावर तू बाहेर आलीस आणि माझ्या कानाशी म्हणालीस, "सटवाई काय करती नि काय नाय, मला म्हाईत नाय. पर आता ही पोरगी झोपंल. झोपली तर दूध उतरंल. दूध उतरलं तर तुझा लेक जगंल. येवढंच हाय."

तो जगला. त्याला आता चार मुलं आहेत.

पुढचं मोहल्ल्यातल्या जुन्या माणसांना अर्धं माहीत आहे. इब्राहिम वर्षाचा होता तेव्हा बाहेरून एक वाइज, गावोगाव प्रवचन करणारे, आले आणि जमातीच्या चौधरींच्या घरी उतरले. त्यांच्याविषयी मला खोटं लिहायचं नाही. ते लबाड नव्हते. अंगानं काडी, खोकला सारखा, दोन वेळचं साधं जेवण. जे सांगायचे त्यावर त्यांचा विश्वास होता. अडाणी गरिबांच्या दीनमध्ये, धर्मामध्ये, दगडधोंडे शिरलेत, ते काढले पाहिजेत, असं ते म्हणायचे. त्यांच्याशी बसून कुणी बोललं असतं तर ते ऐकणारेही होते, असं मला पुढे वाटलं. पण चौधरींना ते हवे होते ते निराळ्या कारणानं. चौधरींचं वजन घटत चाललं होतं. विणकर त्यांचं ऐकेनासे झाले होते, त्यांच्या भावानंच वेगळी बैठक मांडली होती. घटत चाललेल्या वजनाला दीनदारीचा टेकू लावायचा होता. त्यासाठी कुणीतरी दोषी पाहिजे होतं, आणि असं की जिच्यामागे नवरा नाही, भाऊ नाही, हातमाग नाही. तू विधवा होतीस आपा. हिशेब सोपा होता.

जमात बसली. पुरुष पुढे, पडद्यामागे बायका. वाइज म्हणाले की असं ऐकतो, दाई पाटा पूजते, कुंकू लावते. हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?

कुणी बोललं नाही. तिथल्या निम्म्या घरांत पाटा मांडलेला होता. सगळे गप्प राहिले असते तर ती गोष्ट त्याच दिवशी संपली असती. मग वाइज म्हणाले की हे फक्त हिंदूंच्या घरी होतं की आपल्याही घरांत, तेही शोधावं लागेल. तेव्हा माना हलल्या. तीन बाळं गेली आणि चौथं जगलं, असं घर मोहल्ल्यात एकच होतं. मला माना वळताना दिसल्या. कदाचित वळल्याही नसतील. मी उठलो.

मी म्हणालो, "मी पाहिलंय. विठाबाई कोष्टिणीच्या घरी."

एवढंच. दोन वाक्यं. चौधरींनी पडद्याकडे तोंड करून विचारलं, जैतूनबी, हे खरं आहे का? तुझा आवाज आला, शांत. तू म्हणालीस, "गनी म्हनतो तर पाहिलं असंल."

आपा, त्या दिवशी तू ओरडली असतीस, माझं घर सांगितलं असतंस, तर मी मेलो असतो आणि बरं झालं असतं. तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला तुझ्यावर राग आहे. हे कुणी मेलेल्या माणसाला सांगतं का? मी सांगतो. तू मला झाकलंस, आणि मी तीस वर्षं त्या पांघरुणाखाली भला माणूस म्हणून फिरलो.

फैसला झाला. जैतूनबीनं सगळ्यांसमोर तौबा करावी, पुन्हा कलमा म्हणावा, नाहीतर तिला कुणी बाळंतपणाला बोलावू नये, लग्नात जेवायला बोलावू नये, सलाम घेऊ नये. जमातीच्या वहीत तो लिहिला गेला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. तू पडद्याबाहेर आलीस, डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "कलमा मी सोडलाच कवा, म्हनून पुन्यांदा म्हनू?" आणि निघून गेलीस. वाइजांनी मान खाली घातली, हेही मी पाहिलं. चौधरींनी नाही घातली.

दुसऱ्या दिवशी विठाबाई भट्टीवर आली. कढईच्या पलीकडे उभी राहून म्हणाली, "रंगरेजा, माझ्या घरच्या पाचवीला पाटा माझ्या सासूनं पूजला. जैतून त्या दिवशी गावातच नव्हती. तू कुठून पाहिलंस रे?" मी कापड ढवळत राहिलो. ती म्हणाली, "बरं. ढवळ." त्या दिवसापासून कोष्ट्यांच्या घरचं एकही पागोटं आमच्याकडे आलं नाही. ती कुणाला काही बोलली नाही. हळद कुणी नेली होती हे तिला ठाऊक होतं, म्हणजे सगळंच ठाऊक होतं. वर तीन माणसं लिहिली, ती चार करायला पाहिजेत. विठाबाईही आता नाही.

तू हर्सूलला गेलीस. तिथल्या एका पाटलांच्या सुनेला तू पूर्वी बाळंतपणातून सोडवलं होतंस. त्यांनी मळ्यातली खोली दिली. संपादकांना हा भाग फार आवडेल. म्हणून त्याचाही पुढचा भाग लिहितो. तिथे तुझा पाण्याचा लोटा वेगळा होता, दाराबाहेर, दगडावर. मी दोन वर्षांनी धीर करून भेटायला आलो तेव्हा तू तो लोटा दाखवून म्हणालीस, "हितं पाणी देत्यात, पर लोटा येगळा. तिथं लोटा एकच व्हता, पर पाणीच बंद केलं. आता तू शिकलेला हायस, सांग बरं यातलं कोन चांगलं?" तू मला त्याच लोट्यातून पाणी पाजलंस.

आणि मोहल्ला? मोहल्ला तुझ्यावाचून अडला. चौधरींच्याच सुनेला दोन दिवस कळा, मूल आडवं. गाडी हर्सूलला आली. तू आलीस. चौधरी पुढच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून तसबीहचे मणी ओढत बसले होते. तू त्यांच्या पाठीमागून परसात गेलीस. मूल झालं, तू गेलीस, आणि चौधरी लोकांना म्हणाले की दाई कोण आली ते मी पाहिलंच नाही. त्यानंतर सगळेच तसे बसू लागले. फैसला उठवला कुणीच नाही, आणि पाळलाही कुणी नाही. तू पुन्हा मोहल्ल्यात राहायला आलीस. पण लग्नाचं बोलावणं? नाही. ईदला कुणी शिरखुर्मा पाठवला? मागच्या दाराने, बायकांनी, झाकून. तीस वर्षं. तोंड फिरवून बसण्यालाच या मोहल्ल्यानं सहनशीलता नाव दिलं, आणि आज त्याचाच सलोखा झालाय.

एकदाच मी तुला विचारलं होतं, सकिनाला माती देऊन आल्यावर. माझं घर का सांगितलं नाहीस? तू सुपारी कातरायला घेतलीस. म्हणालीस, "लहान लेकराला नाव चिकटलं की निघत नाय. सटवाईचा म्हनून वाढला असता त्यो. मला काय, मी थोराड." तू तेव्हा, त्या जमातीच्या दिवशी, चाळिशीचीही नव्हतीस. मग म्हणालीस, "पर गनी, इचारायला लई वर्सं लावलीस."

आणि तरी मी सुधारलो नाही. बारा दिवसांपूर्वीची गोष्ट लिहितो, कारण ती सगळ्यात वाईट आहे.

तू सकाळी गेलीस. बायकांनी तुला आंघोळ घातली, कफन झालं. जमातीचं काम आता इब्राहिम बघतो. तोच, तुझा इब्राहिम. स्वभावानं नीट, कायद्यानं चालणारा. त्याला कुणीतरी आठवण करून दिली आणि त्यानं जुनी वही काढली. फैसला तसाच होता. इमामसाहेब तरुण आहेत, ते म्हणाले की कलमा म्हणणाऱ्या बाईचा जनाज्याची नमाज पढायला माझी काही हरकत नाही. हरकत चार म्हाताऱ्यांची होती. त्यांनाही तुझ्याच हातावर जन्मलेली नातवंडं आहेत. ते म्हणाले, वहीत आहे म्हणजे आहे, तौबा केली होती का एवढं कळलं पाहिजे. दुपार टळत आली. तू अंगणात होतीस. इब्राहिम माझ्याकडे आला आणि म्हणाला, अब्बा, तुम्हीच साक्षीदार होतात, तुम्हाला काही माहीत आहे का?

तेव्हा मला खरं सांगता आलं असतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "केली होती. माझ्यासमोर केली होती."

सगळ्यांचे चेहरे हलके झाले. इब्राहिमनं वहीत तसं लिहिलं. तुला उचललं. मीही खांदा दिला. कब्रस्तानात मला समजलं की मी तुझ्याविरुद्ध दुसऱ्यांदा खोटी साक्ष दिलीय. पहिल्यांदा तुझी अब्रू घेतली होती. या वेळी तीस वर्षं उपाशी, एकटी राहून तू जे एक वाक्य सांभाळलंस ते घेतलं. तुला माती मिळावी म्हणून केलं, असं मी स्वतःला दोन दिवस सांगत होतो. ते खरं नाही. मला पुन्हा तेच घर वाचवायचं होतं.

इब्राहिमला मी परवा सगळं सांगितलं. तो उठून गेला नाही. आधी वाटलं रागावेल. त्यानं विचारलं, माझ्या आधीच्या तिघांना नावं ठेवली होती का? मी म्हणालो, एकालाच. मग तो म्हणाला, अब्बा, हे घरात राहू द्या. मुलींची लग्नं व्हायचीत.

मी ऐकलं नाही. काल जुम्मा होता. नमाज झाल्यावर मी जमातीला बसवून घेतलं आणि उभा राहिलो. म्हणालो, तीस वर्षांपूर्वीची माझी साक्ष खोटी. पाटा माझ्या घरी मांडला, माझ्या सांगण्यावरून मांडला, कलम मी दिली. जनाज्याच्या दिवशीची साक्षही खोटी. जैतूनबीनं तौबा केली नाही, कारण तिच्याकडे तौबा करण्यासारखं काही नव्हतं. तिच्यावरचा फैसला खोडा. खोडायचा नसेल तर त्यातलं तिचं नाव काढून माझं घाला. माझा सलाम बंद करा, माझं जेवण बंद करा, मी मेल्यावर मला अंगणात ठेवून वही काढा.

मला वाटलं गलका होईल. शिव्या येतील. मी त्यासाठी तयार होऊन गेलो होतो.

त्या चार म्हाताऱ्यांपैकी एकानं माझा हात धरून मला खाली बसवलं. म्हणाला, "गनीभाई, जाने दो. बुढ़ापा है. किसके घर में नहीं हुआ?" बाकीचे हसले, मायेनं हसले. दुसरा म्हणाला की तुमच्या भट्टीनं मशिदीच्या पायऱ्या बांधून दिल्यात, तुम्हाला कोण बाहेर काढणार. इमामसाहेबांनी वही मागितली, तर कुणी म्हणालं, जुनी पानं उचकटून काय मिळतं, बाई बिचारी गेली, दफनही नीट झालं. इब्राहिम वही छातीशी धरून उभा होता. त्यानं ती दिली नाही. रागानं नाही, भीतीनं. ती भीती मी ओळखतो, माझ्याच घरातली आहे.

किसके घर में नहीं हुआ. आपा, तीस वर्षं हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येकाला. तुझ्या वेळी एकाच्याही तोंडून हे वाक्य निघालं नाही. मी बाप्या आहे, माझा मुलगा जमातीचं काम बघतो, माझ्याकडे भट्टी आहे. तू म्हणायचीस अडतं म्हणून सांभाळतात. आता तर माझ्यावाचून त्यांचं काही अडतही नाही, तरी सांभाळलं. आपलं माणूस म्हणून. मग तू कुणाची होतीस?

संपादकांना मी सांगितलंय की यातला एक शब्द गाळायचा नाही. गाळला तर छापू नका. वहीत जे खोडलं गेलं नाही ते इथे लिहून ठेवतो. जैतूनबी दाईनं गनी रंगरेजाच्या घरी, गनी रंगरेजाच्या शब्दावर पाटा पूजला. तिनं तौबा केली नव्हती.

काल समोरच्या हॉटेलातून कुणीतरी सगळ्यांसाठी चहा मागवला. माझ्या हातात पहिला कप दिला, साखर जास्त घालून, म्हाताऱ्याला आवडते म्हणून. तो मी त्यांच्या तोंडावर फेकायला हवा होता, निदान खाली तरी ठेवायला हवा होता. आपा, मी तो प्यायलो.